नैराश्याचे प्रमाणपत्र दाखवून सुटका होईल का?

प्रश्न : मी अडतीस वर्षांचा असून नागपुरात मानेवाडा परिसरात राहतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात नऊ वर्षे काम केल्यावर मला कमी करण्यात आले. त्यानंतर फायनान्स कंपनीचे वैयक्तिक कर्ज, पत्नीच्या नावावर महिला गटातून उचललेले कर्ज आणि एका खासगी सावकाराचे पैसे असा बोजा झाला. पत्नीच्या पाटल्या तिला न सांगता गहाण ठेवल्या. माझ्यावर मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नैराश्याचे उपचार सुरू आहेत, मधल्या काळात गोळ्या बंद केल्या होत्या. पाटल्यांवरून वाद झाला त्या रात्री मी थोडी घेतली होती. मी पत्नीला मारले आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. आता ती मुलीला घेऊन वर्ध्याला माहेरी आहे. भरोसा सेलचे (महिलांच्या तक्रारींसाठीच्या पोलीस कक्षाचे) बोलावणे येऊन गेले आणि वर्ध्याच्या न्यायालयाचे समन्स मिळाले आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, ‘डॉक्टरकडून डोस्कं ठिकाणावर नसल्याचं सर्टिफिकेट आण, सगळं सुटते; अन् नोकरीच नाही तर पोटगी कायची?’ हे खरे आहे का? वर्ध्याला जाऊन माफी मागून तिला परत आणू का?

उत्तर : तुमच्या सविस्तर पत्रातून मी वर फक्त आवश्यक तेवढा भाग घेतला आहे. पत्राच्या शेवटी ‘कधी कधी जीव द्यावासा वाटतो’ असे एक वाक्य आहे, त्याबद्दल आधी लिहितो, कारण ती बाब न्यायालयाच्या तारखेपर्यंत थांबणारी नाही. तुम्ही उद्याच मेडिकलच्या मानसोपचार विभागात जावे, गोळ्या मधल्या काळात बंद केल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि रात्री-अपरात्री तोच विचार आला तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोलावे. ही सेवा चोवीस तास मोफत असून तेथे मराठीत बोलता येते. मात्र हेच वाक्य तुम्ही पत्नीलाही मोबाईलवर पाठवले आहे, ‘परत आली नाहीस तर चिठ्ठीत तुझं नाव लिहीन’ या जोडीसह. तो संदेश आजारी माणसाची हाक म्हणून नव्हे, तर धमकी म्हणून वाचला जाईल. आत्महत्येची वारंवार धमकी देणे ही मानसिक क्रूरता असल्याचे न्यायालयांनी मानलेले आहे. मनातला विचार डॉक्टरांना सांगा, पत्नीला कळवू नका.

आता प्रमाणपत्राविषयी. वर्ध्याहून आलेले समन्स ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’ या कायद्याच्या कलम 12 खालील अर्जाचे आहे. या अर्जात न्यायालय तुम्हाला शिक्षा देण्यासाठी बसलेले नाही. पत्नीला संरक्षण, राहायला जागा, खर्चाची रक्कम, मुलीचा ताबा आणि नुकसानभरपाई द्यायची की नाही, एवढेच तेथे ठरते, आणि हे दिलासे दिवाणी स्वरूपाचे आहेत. आरोपीच्या मनोवस्थेची जी सवलत कायद्यात आहे ती गुन्ह्याच्या खटल्यासाठी आहे. जिचे मनगट मोडले तिला उपचाराचा खर्च मिळावा की नाही, हा प्रश्न मोडणाऱ्याच्या मनःस्थितीवरून सुटत नाही. म्हणजे जो कागद आणायला तुम्हाला सांगितले जात आहे, त्याला या अर्जात उत्तर म्हणून जागाच नाही.

प्रकरण वर्ध्याला का, असेही तुम्ही विचारले आहे. पीडित महिला तात्पुरती जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो, असे कलम 27 सांगते. त्यामुळे हद्दीचा आक्षेप घेण्यात वेळ घालवू नका. तारखेला गैरहजर राहिलात तर कलम 23 नुसार एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकतो.

भरोसा सेलमधील तक्रारीवरून पुढे गुन्हा नोंदला गेला तर चित्र बदलते. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे ‘जबर दुखापत’ आहे आणि कलम 117(2) खाली तिला सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. त्यासोबत पती किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचे कलम 85 लागू शकते, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद असून ते अजामीनपात्र आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात घातला आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 35 मध्ये तशी तरतूद आहे. नोटीस आली की जावे आणि ज्या दिवशी बोलावले त्याच दिवशी जावे.

अशा गुन्ह्याच्या खटल्यात मात्र न्याय संहितेचे कलम 22 उपलब्ध आहे, आणि तुमच्या परिचिताने कुठेतरी त्याचेच नाव ऐकले असावे. कृत्य करतेवेळी मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही, असे ते कलम म्हणते. यातील ‘करतेवेळी’ आणि ‘कळत नव्हते’ या दोन अटींवरच बहुतेक बचाव कोसळतात. आजाराचे निदान झाले म्हणजे हे कलम लागले असे होत नाही. वैद्यकीय अर्थाने मनोरुग्ण असणे वेगळे आणि कायद्याच्या अर्थाने वेडसर असणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालच्या सुरेंद्र मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. ते सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवरच असते, आणि न्यायालय घटनेच्या आधीचे, वेळचे व नंतरचे वर्तन तपासते.

तुमचे वर्तन तुम्हीच लिहून पाठवले आहे. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही दार आतून लावले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पत्नीचा फोन काढून घेऊन कपाटावर ठेवला. सकाळी मुलीला बजावले की ‘आई मोरीत घसरली’ असेच सांगायचे. जे चालले आहे ते चुकीचे आहे हे ज्याला कळत नाही, त्याला ते झाकावेसेही वाटत नाही. आणखी एक गोष्ट पत्रात सहज येऊन गेली आहे. त्याच आठवड्यात सावकार दारात उभा राहून आईवरून शिव्या देत होता, तेव्हा तुम्ही हात जोडून चार दिवसांची मुदत मागितली. आजार तोच, कर्ज तेच, अपमान तर अधिक. तरी तेथे हात जोडले गेले आणि घरात उगारले गेले. सरकारी वकिलाला याहून जास्त काही लागणार नाही. खरे म्हणजे केवळ वकील म्हणून नव्हे, तर वाचक म्हणूनही मी याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळ थांबलो. नैराश्याने ग्रासलेली बहुसंख्य माणसे कुणावरही हात उचलत नाहीत, आणि तुमच्या आजाराला या कृत्याचे कारण ठरवणे हे त्या सगळ्यांवरही अन्याय करणारे आहे. दारूचा मुद्दा तर मांडूच नका; स्वतःहून घेतलेल्या नशेला कायद्यात माफी नाही.

ओळखीतून ‘तसे’ प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे होय, आणि न्यायालयीन कार्यवाहीत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डॉक्टरही त्यात अडकतील. शिवाय, मारणे म्हणजे काय हेच मला कळत नव्हते असे तुम्ही शपथेवर सांगितलेत, तर पुढचा प्रश्न असा येईल की आठ वर्षांची मुलगी तुमच्याजवळ एकटी कशी सोडायची? त्याचे उत्तर तुमच्या परिचिताकडे नाही.

याचा अर्थ आजार न्यायालयापासून लपवावा असा मुळीच नाही. मेडिकलचा खरा केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि त्या बंद केल्याची कबुली तुमच्या वकिलाकडे द्या. औषधोपचाराचा खर्च पोटगीची रक्कम ठरवताना दाखवता येतो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 खाली समुपदेशनाचा आदेश मागता येतो, आणि खटल्यात दोष सिद्ध झाला तर शिक्षा ठरवताना नियमित उपचार व सुधारलेले वर्तन यांचा विचार होऊ शकतो. आजाराने माणसाला सहानुभूतीचा हक्क मिळतो, उपचाराचा तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने कायदेशीर हक्कच मिळतो. पण दोन्ही हक्क पत्नीच्या हक्कातून वजा करून घ्यायचे नसतात.

पोटगीबद्दल तुमच्या परिचिताचे म्हणणे पूर्ण चुकीचे आहे. धडधाकट पतीने अंगमेहनत करून का होईना कमवावे आणि पत्नी-मुलांना पोसावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या शमीमा फारुकी आणि 2022 च्या अंजू गर्ग प्रकरणांत निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पोटगीचे प्रकरण हाताळताना दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे ज्या निकालाने देशभर बंधनकारक झाले, तो 2020 सालचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल मुळात आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून तारखा लांबवून काही वाचत नाही, थकबाकी तेवढी वाढते. तुम्ही सध्या मालवाहू गाडीवर रोजाने जाता असे लिहिले आहे. ते शपथपत्रात लिहा. ‘उत्पन्न शून्य’ लिहिलेत आणि पत्नीच्या वकिलांनी गाडीमालकाला साक्षीला आणले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. कर्जाचे हप्ते देणी म्हणून जरूर दाखवा, पण आधी हप्ते आणि उरले तर मुलीची फी, असा क्रम न्यायालय मान्य करणार नाही.

पाटल्यांचा विषय तुम्ही पत्रात दोन ओळींत आटोपला असला तरी मला तो मोठा वाटतो. त्या स्त्रीधन आहेत. स्त्रीधनावर केवळ पत्नीची मालकी असते, हे 1985 च्या प्रतिभा राणी निकालापासून ठरलेले आहे. ते तिच्या संमतीवाचून गहाण टाकणे आणि गटातून तिच्या नावे कर्ज उचलून ते स्वतः वापरणे, ही वर्तणूक कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 3 मधील ‘आर्थिक छळा’त बसते. त्या रात्री तुमच्या पत्नींनी पाटल्यांबद्दल विचारले, तेव्हा त्या स्वतःच्या वस्तूचा हिशेब मागत होत्या. हातात जो पहिला पैसा येईल तो पाटल्या सोडवण्यात घाला, गहाणाची पावती व सोडवल्याची पावती दोन्ही जपा आणि पाटल्या न्यायालयामार्फत किंवा वकिलांमार्फत परत करा. गटाचे हप्ते आजपासून तुम्ही भरा, कारण वसुलीसाठी गट दार ठोठावेल ते तुमच्या पत्नीचे.

सावकाराच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तुम्ही त्याचा काहीच उपयोग केलेला नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कोऱ्या कागदावर सही घेण्यास मनाई आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ज्याला आपल्याकडे दामदुप्पट म्हणतात. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, त्यात तुम्ही दिलेल्या कोऱ्या धनादेशाचा क्रमांक लिहा आणि पोच घ्या. फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्हाला रात्री दहाला आलेल्या फोनची नोंद जपून ठेवा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कळवा. कारखान्याने कमी करताना ग्रॅच्युइटी दिली नसेल, तर नऊ वर्षांच्या सेवेवर तुमचा हक्क आहे, तोही मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नसते, पुरुषांना असते, पण तुमच्या आजच्या उत्पन्नात तुम्ही बसाल असे दिसते. 15100 वर फोन करूनही माहिती मिळते.

राहता राहिली माफी. वर्ध्याला जाऊ नका. संरक्षण आदेश झाला असेल तर त्यात प्रत्यक्ष, लेखी, फोनवरून अथवा मोबाईलवरून कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्यास मनाई असू शकते, आणि आदेश मोडल्यास कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आदेश अजून झाला नसला तरी दोन मेहुणे, एक काका आणि गावचे सरपंच घेऊन दारात जाणे म्हणजे माफी नव्हे, दबाव आहे. माफी मागायचीच असेल तर अर्जाला द्यायच्या लेखी उत्तरात त्या रात्री तुम्ही काय केले ते जसेच्या तसे मान्य करायचे की नाही, हे वकिलाशी बोलून ठरवा. गुन्हा नोंदला गेल्यास ते मान्य करणे तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, हेही सांगणे माझे काम आहे. तडजोड करायची की नाही, केव्हा करायची, पुन्हा एकत्र राहायचे की नाही, हे तुमच्या पत्नी ठरवतील. त्यांनी नाही म्हटले, तरी पोटगी, पाटल्या, गटाचे हप्ते आणि गोळ्या या चार गोष्टी तुम्हाला कराव्याच लागतील.

मुलीला भेटण्यासाठी तिच्या नव्या शाळेच्या फाटकाशी उभे राहू नका आणि ‘आई घसरली’ हे वाक्य तिच्याकडून पुन्हा कधीही वदवून घेऊ नका. त्या रात्रीबद्दल तिच्याशी एक शब्दही बोलू नका, कारण उद्या ती साक्षीदार ठरू शकते. त्याच कायद्याच्या कलम 21 खाली न्यायालय भेटीची व्यवस्था करू शकते. सुरुवातीला ही भेट न्यायालयाच्या आवारात, दुसऱ्या कुणाच्या उपस्थितीत, तासाभराची असावी, अशी मागणी तुमच्या उत्तरात स्वतंत्र परिच्छेदात करा आणि त्यासोबत मेडिकलचा ताजा केसपेपर जोडा.