ठोका कुठे जिरला?

सातारा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. तिकडच्या क्लबात, तू रायफलीसाठी स्वतः भरलेल्या चाळीस राउंडांपैकी, म्हणजे काडतुसांपैकी, चार पेटले नाहीत, आणि घरी जाताना तू दुसऱ्या कंपनीच्या प्रायमरची, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीची, डबी घेतलीस. पैसे गेले त्याचं काही नाही, पण पुरावा हातचा गेला. न उडालेले राउंड क्लबच्या मिसफायरच्या डब्यात टाकलेस हे नियमाला धरूनच झालं. पण टाकण्याआधी त्यांची बुडं नीट बघितली असतीस, ठोक्याची खूण किती खोल आहे आणि मधोमध आहे की कडेला हे टिपून ठेवलं असतंस, तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं असतं.

माझी सारी नोकरी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून गेली. तेव्हापासूनची सवय आहे, राउंड वाजला नाही की मी प्रायमरवर सगळ्यात शेवटी संशय घेतो. का ते सांगतो.

प्रायमर आधी डोळ्यांसमोर आण. पितळेची चिमुकली वाटी, तिच्या तळाशी मसाल्याचा पातळ थर आणि त्यावर दोन किंवा तीन पायांचा एक धातूचा तुकडा. त्या तुकड्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ऐरण. नाव अगदी चपखल आहे. चाप ओढला की रायफलीची फायरिंग पिन, म्हणजे टोकदार दांडी, वाटीच्या पाठीवर आपटते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चेंगरतो आणि पेटतो. आमच्या गावच्या लोहाराची ऐरण बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली होती. ती जरा डुगडुगायला लागली की तो हातातलं काम थांबवायचा आणि आधी पाचर मारायचा. ऐरण हलली की घाव लोखंडाला लागत नाही, मातीत जिरतो. तुझ्या रायफलीतही हेच होतंय. ठोका पडतोय, पण मसाल्यापर्यंत पोचण्याआधी कुठेतरी जिरतोय. तो कुठे जिरतो हे शोधायचं.

बहुतेक वेळा तो अर्धवट बसलेल्या प्रायमरमध्ये जिरतो. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, बुडातल्या खळग्याच्या तळाला ऐरणीचे पाय टेकलेले नसले, तर पहिला ठोका प्रायमरला आत ढकलण्यातच खर्च होतो, आणि दुसऱ्या ठोक्याला तोच राउंड खणखणीत उडतो. तुझ्या चारांतले दोन दुसऱ्या वेळी उडाले, हे तू जाता जाता लिहिलंस. माझ्या लेखी सगळ्या मेलमधली तीच महत्त्वाची ओळ. प्रायमर खराब असता तर दुसऱ्यांदाही बहुधा गप्पच राहिला असता.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ खाली बसला पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरच्या तोंडचा शब्द. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरव. उंचवटा लागला तर बसलाच नाही. सपाट लागला तरी माझं समाधान होत नाही. बोटाला किंचित खोल लागला पाहिजे. बसत नसेल तर खळग्यात बघ. मागच्या फायरची काजळी तळाशी कडक होऊन बसलेली असते, आणि लष्करी पुंगळ्यांना प्रायमर धरून ठेवण्यासाठी कडा आत दाबलेल्या असतात. काजळी खरवडून काढ, दाबलेली कड कापून घे. प्रायमर हातातल्या टूलने बसवत जा. पाय टेकल्याचं त्यात बोटांना कळतं, मोठ्या प्रेसच्या दांड्याला ते कळत नाही. आणि एक गोष्ट कधीच करू नकोस: भरून झालेल्या राउंडमध्ये प्रायमर वर राहिलेला दिसला, तर तो पुन्हा दाबायला जाऊ नकोस. आत दारू आहे आणि पुढे गोळी आहे. तो राउंड बाजूला काढ आणि क्लबातल्या जाणत्या माणसाकडे सोपव.

आता रायफल. ही नंबर फोर, म्हणजे थ्री-नॉट-थ्री काडतुसाची ली-एनफील्ड, तुझ्या आजोबांच्या वयाची आहे. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिली, त्यामुळे ती कधी बिघडतच नाही असा लोकांचा समज आहे. मजबूत ती आहेच. पण कोठारात पडून राहिलेल्या रायफलीच्या बोल्टमध्ये, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागात, जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, आणि तुमच्याकडच्या थंडीत ते आणखी घट्ट होतं. स्प्रिंगला त्या चिखलातून पिन ढकलावी लागते. बोल्ट उघडून, धुऊन, कोरडा करून घे. तेल नावापुरतं पुरे. स्प्रिंग मूळचीच असेल तर नवी घाल. फार महाग वस्तू नाही, आणि दहा शंका एकदम मिटतात.

पिनचं टोक बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येतं तेही गेजने मापून घे. या रायफलीला ते चाळीस ते पन्नास थाऊ हवं. पिन मागच्या कॉकिंग पीस नावाच्या तुकड्यात आट्यांवर बसते आणि एका स्क्रूने अडकवलेली असते. मधल्या एखाद्या मालकाने ती फिरवून ठेवलेली असली तर बाहेरून पत्ता लागत नाही. मापणं तुझं काम. दुरुस्ती गनस्मिथकडूनच करून घे, त्यासाठी खास पाना लागतो.

थ्री-नॉट-थ्रीची आणखी एक खोड आहे आणि ती नव्या माणसाला फसवते. ही पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, टेकते ती बुडाच्या पसरट कडेवर; पुढे जिथे ती मानेकडे निमुळती होते त्या खांद्यावर नाही. बोल्टचं तोंड आणि त्या कडेची टेकण्याची जागा यांतलं अंतर चौसष्ट ते चौऱ्याहत्तर थाऊ असलं तर फौजेच्या हिशेबात रायफल पास. चिखलात, वाळूतही बोल्ट बंद झाला पाहिजे म्हणून इतकी मोकळीक दिलेली. नंबर फोरच्या बोल्टहेडवर, म्हणजे बोल्टच्या पुढच्या सुट्या तुकड्यावर, ० ते ३ आकडे असतात ते याचसाठी. आकडा वाढला की हेड जरासं लांब, आणि ते अंतर कमी. आता बाजारातल्या नव्या पुंगळ्यांची कड बऱ्याचदा पातळ असते. समज अंतर चौऱ्याहत्तर आणि कड साठ, म्हणजे पुंगळीला मागेपुढे चौदा थाऊ प्ले, म्हणजे हलायला मोकळी जागा, मिळाला. पिन आपटली की पुंगळी आधी पुढे सरकते, आणि तेवढा ठोका तिथं जिरतो.

यावर उपाय तुझ्याच हातात आहे. एकदा उडवलेली पुंगळी तुझ्या चेंबरच्या मापाची होते. पुढच्या वेळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून तिची फक्त मान साइझ कर, खांदा मागे ढकलू नकोस. मग ती कडेऐवजी खांद्यावर टेकते आणि प्ले जवळजवळ जातो. पण दोन-चार वेळा असं झालं की पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसू लागते आणि बोल्टचा दांडा खाली जाताना शेवटी अडतो. तू तो तसाच किंचित वर ठेवून चाप ओढलास, तर पिनचा जोर आधी दांडा खाली फिरवण्यात जातो आणि प्रायमरला उरलासुरला ठोका बसतो. तू लिहिलंयस की शेवटच्या दहा राउंडांना बोल्ट जड गेला. न उडालेले दोन त्या दहांतले होते का? आठवून बघ. असतील तर पुंगळ्या पुन्हा पूर्ण साइझ करायची वेळ झाली, पण खांदा एखाद-दोन थाऊच मागे जाईल अशी डाय लाव.

प्ले आहे की नाही हे बघायची जुनी तऱ्हा सांगतो. क्लबच्या रेंजवर, चष्मा घालून, नळी टार्गेटकडे ठेवून करायची. दारू नाही, गोळी नाही, नुसता नवा प्रायमर बसवलेली पुंगळी उडवायची आणि मग बुडाकडे बघायचं. दाब नसल्यामुळे पुंगळी मागे येत नाही, प्रायमर तेवढा बाहेर सरकतो. उडवण्याआधी आणि नंतर व्हर्नियरने माप. जितका बाहेर आला तितका साधारण प्ले. हलक्या चार्जच्या, म्हणजे कमी दारूच्या, राउंडात प्रायमर बाहेर आलेला दिसला की नवखी माणसं जादा दाब झाला म्हणून घाबरतात. तिथं बहुतेक वेळा दाब कमी आणि प्ले जास्त असतो.

जादा दाब ओळखायला नुसता प्रायमर बघून भागत नाही. जुन्या रायफलीत पिनचं भोक झिजून मोठं झालेलं असलं, तर अगदी मापातल्या चार्जलाही खुणेभोवती कड उठते. एकट्या त्या कडेवरून निकाल देऊ नकोस. बोल्ट उचलायला जड जातोय का, पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत रेघ उमटतेय का, हेही बघ. मात्र प्रायमरला भोक पडलं तर त्याच क्षणी थांब. गरम वायू मागे येतो आणि पिनचं टोक खातो. खाल्लेलं, खडबडीत टोक पुढच्या प्रायमरला आणखी भोकं पाडतं. डोळ्यांवर चष्मा नसेल तर रायफलीला हात लावायचा नाही, हे मी तुला इथं असतानाही सांगत होतो.

क्लबातले काका तुला आपल्या खडकीच्या जुन्या पुंगळ्या देताहेत म्हणालीस, बुडावर केएफ लिहिलेल्या. १८६९ पासूनचा तो कारखाना, तेव्हा तुला आपुलकी वाटणं साहजिक आहे. पण आत टॉर्च मारून बघ. मधोमध एक भोक असेल तर ती तुझ्या प्रायमरची बॉक्सर जात, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन जात. खडकीच्या लष्करी पुंगळ्या बर्डनच. तिथं ऐरण पुंगळीतच घडवलेली असते, तुझे प्रायमर त्यात बसत नाहीत आणि जुना प्रायमर काढणारी डायची सुई मोडते. एक आठवण म्हणून शेल्फवर ठेव. त्यांनी जुना भरलेला माल उडवायला दिला तर नम्रपणे नको म्हण. त्या काळच्या प्रायमरच्या मसाल्यातून नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि नळी गंजते. आम्ही आधी उकळतं पाणी ओतायचो, मग फुलथ्रू, म्हणजे दोरीला बांधलेली चिंधी, नळीतून मारायचो. नुसत्या तेलाने तो क्षार जात नाही.

राउंड वाजला नाही तर काय करायचं ते तुला पाठ आहे, तरी लिहितो. नळी टार्गेटकडे, बोल्टला हात नाही, निदान तीस सेकंद. क्लबचा नियम जास्त सांगत असेल तर तितके. नोकरीच्या सुरुवातीला एका जवानाचा राउंड वाजला नाही आणि त्याचा हात बोल्टकडे गेला. उस्तादाने तो हात दाबून धरला. आम्ही पाचपर्यंतही मोजलं नसेल, आणि राउंड उडाला. ते मी अजून विसरलो नाही. आणि धडाक्याऐवजी नुसता फट् आवाज आला, तर त्याहून जास्त सावध हो. दारू पडलीच नसेल तर एकटा प्रायमरसुद्धा गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवतो. तशात दुसरा राउंड उडवला तर नळी फुटते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा राउंड घालायचा नाही.

नव्या डबीबद्दल. प्रायमर बदलला की दाब बदलतो, म्हणून चार्ज खाली उतरवून, लोडिंगच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा पायरीपायरीने चढ. मुळात जुनेच प्रायमर आधी वापर, म्हणजे दोष कशात होता ते कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदल. प्रायमर त्यांच्या मूळ डबीतच ठेव. बरणीत ओतून ठेवले आणि एक पेटला तर सगळे एकदम पेटतात. काम झालं की हात साबणाने धू, मसाल्यात शिसं असतं.

दिवाळीला येशील तेव्हा रेंजवर नेलेली बॅग आणू नकोस, दुसरी आण. कप्प्यात एखादा राउंड, एखादी पुंगळी राहिली तर विमानतळावर अडकशील. तिकडे तुझ्याकडे परवाना आहे. इथं १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथल्या मित्रांनी हौसेने विचारलं तर त्यांना हेच सांग.

पुढच्या रविवारी वीसच राउंड भर. प्रत्येकावर नंबर घाल, प्रायमर किती खोल बसला ते वहीत लिही, आणि बोल्ट कुठल्या नंबरला जड गेला तेही. बोल्टहेडवरचा आकडा कळव. न उडालेल्या राउंडच्या बुडाचा फोटो डब्यात टाकण्याआधी काढ, उजेड बाजूने पाडून, म्हणजे खोली दिसेल. मी वाट बघतो.

तुझा,
काका