इस्रायलमध्ये नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व वेगळे कसे?

इस्रायलचा नागरिक तो इस्रायली, मग वाद कसला, असे तुम्ही विचारले आहे. आपल्याला हे दोन शब्द एकच वाटतात; तिथल्या कायद्यात ते एक नाहीत. ज्यू आणि अरब नागरिकांना मतदानाचा हक्क सारखाच आहे, मात्र लोकसंख्या नोंदवहीत 'लेओम', म्हणजे राष्ट्रीयत्व, असा निराळा रकाना असून त्यात ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा एक वेगळा धर्मसमुदाय) अशा नोंदी होतात. 'इस्रायली' अशी होत नाही. ती व्हावी म्हणून न्यायालयात गेलेल्या नागरिकांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळली. (ओळखपत्रावर आता त्या जागी नुसत्या तारका छापतात, नोंदवहीतला रकाना मात्र कायम आहे.)

त्यातही ज्यू कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या 'परतीच्या कायद्या'तील १९७०च्या दुरुस्तीने ज्यू व्यक्तीच्या नातवंडांनाही तो हक्क दिला, पण ज्यूंचे विवाह रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाती असल्याने आणि ते आईकडून आलेले ज्यूपणच मानत असल्याने त्यांपैकी अनेकांना तिथे लग्न लावता येत नाही. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल लोकांनी, म्हणजे आपल्याकडच्या शनिवार तेल्यांनी, हे सोसले आहे: लग्नाची नोंद करायला गेल्यावर आजी-पणजीच्या कुळाची चौकशी होई, आणि जेरुसलेममध्ये आंदोलन केल्यावर १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य झाले.

२०१८च्या मूलभूत कायद्याने (तिथे असे कायदे राज्यघटनेच्या जागी असतात) राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यूंचा ठरवला. तो ६२ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाला आणि त्यात समानतेचा शब्दही नाही, जो १९४८च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात होता. माझ्या मते आक्षेपाची खरी जागा हीच आहे.