पहिल्या तासाला बर्नुली नको

सर, द्रवांचं शास्त्र शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर बर्नुलीचं (वाहत्या द्रवाचा दाब आणि वेग जोडणारं) समीकरण मांडू नका. आपली पोरं सांगोला-मोहोळकडची, डाळिंबाला ठिबक जोडतच वाढलेली. त्यांना विचारा, विहिरीच्या काठावरची मोटर 12 मीटर खालचं पाणी का ओढत नाही? 'एचपी कमी पडतोय,' निम्मा वर्ग म्हणणार. म्हणू द्या. मग सांगा: पंप नुसता पाइपातला दाब कमी करतो, पाणी वर ढकलते बाहेरची हवा, आणि तिची धाव फार तर 10.3 मीटर. प्रत्यक्षात सात मीटरलाच दम लागतो. 'मग पाणबुडी मोटर 300 फुटांवरून कसं आणते?' हे कुणीतरी विचारतंच (माझ्या वर्गात नेहमी मागच्या बाकावरून). तिथून दाबाचा धडा सुरू करा. एककं मात्र घोटून घ्या, 1 एचपी म्हणजे 746 वॅट, दर आठवड्याला.