नवा उड्डाणपूल बांधल्याने वाहतूक कोंडी सुटते का?

काही वर्षं सुटते, मग बहुतेक ठिकाणी परत येते. रस्ता मोकळा दिसला की आधी बसने जाणारे किंवा गर्दीची वेळ टाळणारेही गाडी काढतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या केटी फ्रीवे या महामार्गाचं रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झालं. काही भागांत सेवारस्त्यांसह २६ मार्गिका, तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

मला दक्षिण कोरियाची राजधानी सोलचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. तिथे चंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा लोकांसाठी खुला केला. त्याच सुमारास, २००४ मध्ये, बसमार्गांची नव्याने आखणी करून रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका दिल्या. उन्नत रस्ता पाडल्यावर वाहतुकीचा गोंधळ होईल असं भाकीत होतं, तो झाला नाही.

नदी किंवा रेल्वेमार्ग ओलांडणारे पूल मात्र हवेतच, त्यांना पर्याय नसतो. बाकी ठिकाणी पैसा आधी बस, मेट्रो आणि पदपथांवर जावा. मेट्रोचं स्थानक झालं, पण तिथवर सुरक्षित चालत जाता येत नसेल तर लोक दुचाकीच काढणार. स्थानकाभोवतीच्या पदपथांचा खर्च मूळ प्रकल्पातच धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.