रिपेअर बिघडली म्हणण्याआधी: नव्या संशोधकाला पत्र

प्रिय,

तुझी आकृती बघितली, एकदम देखणी झालीये, पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर रिसेप्टरपासून पीआय-थ्री-के, तिथून एकेटी (दोन्ही सिग्नल आत पुढे नेणारी एन्झाइम) आणि शेवटी एक मोठ्ठा बाण थेट 'डीएनए रिपेअर' लिहिलेल्या चौकोनात. माझा आक्षेप त्या चौकोनावरच आहे. रिपेअर म्हणजे नेमकी कुठली? डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीपुढे मुख्य दोन वाटा असतात, एक एनएचईजे, म्हणजे तुटलेली टोकं आहेत तशी जोडून टाकायची, घाईचं काम, चुका राहू शकतात पण बहुतेक कधीही चालतं. दुसरी होमोलॉगस रिकॉम्बिनेशन, त्यात सिस्टर क्रोमॅटिड, म्हणजे त्याच डीएनएची जुळी प्रत, बघून नीट नक्कल करायची, आणि बीआरसीए-१, बीआरसीए-२, आरएडी-५१ ही प्रोटीन मंडळी तिकडची. पण सिस्टर क्रोमॅटिड डीएनएची कॉपी झाल्याशिवाय येणार कुठून, म्हणून ही वाट एस (कॉपी होते तो टप्पा) आणि जी-२ (त्यानंतरचा, विभाजनाआधीचा) फेजमध्येच उघडते.

आता तुझा रिझल्ट. पीआय-थ्री-के दाबणारा इनहिबिटर दिला, रेडिएशन दिलं, आरएडी-५१ चे फोकाय, म्हणजे न्यूक्लियसमधले ठिपके, कमी दिसले आणि लगेच 'रिपेअर बिघडली' लिहून मोकळं! जरा थांब. हा इनहिबिटर बऱ्याच पेशींना जी-१ मध्येच, म्हणजे डीएनएची कॉपी व्हायच्या आधीच, अडकवतो, आणि तिथे हे फोकाय तसेही फारसे नसतात, मग पाथवेने रिपेअर दाबली की नुसती पेशीची सायकल थांबवली हे तुझ्या ग्राफवरून कळतच नाही. सोबत गेमिनिन (एस-जी-२ मधल्या पेशी ओळखू देणारं प्रोटीन) स्टेन कर आणि फोकाय फक्त गेमिनिन पॉझिटिव्ह न्यूक्लियसमध्येच मोज, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. गॅमा-एच-टू-ए-एक्सचंही (तुटलेल्या डीएनएपाशी उमटणारी खूण) तसंच, एका तासाला ठिपके भरपूर दिसले तर एटीएम वगैरे तूट ओळखणारी एन्झाइम कामाला लागलीत एवढंच कळलं, २४ तासांनीही ते तसेच उरले तर दुरुस्ती रखडल्याचा संशय घ्यायचा.

सिग्नलचा रिपेअरवर परिणाम होतो ही तुझी कल्पना वाईट नाहीये हां. २०१२ मध्ये ट्रिपल निगेटिव्ह (ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तीनही रिसेप्टर नसलेल्या) ब्रेस्ट कॅन्सरच्या मॉडेल्समध्ये दिसलं होतं की पीआय-थ्री-के दाबलं की ईआरके हे दुसऱ्या वाटेवरचं सिग्नल एन्झाइम उलट वर जातं, जीन चालू-बंद करणाऱ्या ईटीएस-१ प्रोटीनमार्फत बीआरसीए-१ आणि २ ची पातळी घटते, आणि बीआरसीए म्युटेशन नसलेल्या पेशीही पार्प इनहिबिटरला (पार्प हे दुसरं रिपेअर एन्झाइम दाबणारं औषध) बळी पडायला लागतात. मला तर या सगळ्यात हेच भारी वाटतं, जीन शाबूत आणि नुसत्या सिग्नलने पेशी लंगडी. फक्त इंट्रोमध्ये ओलापॅरिब या पार्प इनहिबिटरबद्दल मोघम लिहू नकोस, २०१८ ची अमेरिकेतली ब्रेस्ट कॅन्सरची मान्यता जन्मजात बीआरसीए म्युटेशन असलेल्या, हर-२ निगेटिव्ह, मेटास्टॅटिक पेशंटसाठी होती.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनची पातळी बघायची चाचणी) पी-एकेटी, म्हणजे एकेटीचं सक्रिय रूप, खरंच खाली आलं का ते आधी बघ, मग पी-ईआरके आणि बीआरसीए-१. बीआरसीए-१ पण एस-जी-२ मध्येच जास्त असतं म्हणजे इथेही सायकलचा घोळ आहेच, तेव्हा पेशी कुठल्या टप्प्यात आहेत ते कळायला त्याच सॅम्पल्सची फ्लो सायटोमेट्री करून ठेव. ईजीएफआर तूर्तास बाजूला राहू दे. रेडिएशननंतर ते न्यूक्लियसमध्ये जाऊन डीएनए-पीके या रिपेअर एन्झाइमला गाठतं हे खरंय, पण ती एनएचईजेची बाजू, याच फिगरमध्ये कोंबलंस तर रिव्ह्यूअर तिथेच पकडणार.