संस्था: पतसंस्थेतली की विवाहसंस्थेतली?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. समाजशास्त्राच्या मराठी टिपणांत इन्स्टिट्यूशन आणि ऑर्गनायझेशन या दोन्हींना 'संस्था'च लिहिलंय. मग 'संस्थात्मक सिद्धांत', म्हणजे संस्था माणसांचं वागणं कसं घडवतात हे सांगणारा सिद्धांत, म्हणताना कुठली संस्था धरायची?

विवाहसंस्थेतली धरायची, पतसंस्थेतली नव्हे. विवाहसंस्थेला ना चेअरमन, ना रजिस्टर नंबर. तरी ती घराघराला वळण लावते. अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांनी १९९० मध्ये हा भेद फार सोपा केला: इन्स्टिट्यूशन म्हणजे खेळाचे नियम, ऑर्गनायझेशन म्हणजे खेळाडू.

हा अर्थ इंग्रजीच्या दबावाने आलेला नाही. अग्निष्टोमासह सात सोमयागांना 'सोमसंस्था' म्हणतात. तिथे संस्था म्हणजे माणसांचा गट नव्हे, तर विधीचा ठरून गेलेला प्रकार. सभासद, वर्गणी, कार्यकारिणी हे त्या शब्दाला मागाहून चिकटलं.

आपल्याच गावातली पाटी बघा. कोल्हापूरकडे सहकारी संस्थेच्या नावाशेवटी 'मर्यादित' असतं. बेळगाव-निपाणीत मराठी पाटीवरही अनेकदा 'नियमित' किंवा नुसतं 'नि.' दिसतं. मराठीत नियमित म्हणजे वेळच्या वेळी होणारं. इथे मात्र तो कन्नडमधला 'लिमिटेड' आहे. सभासद मराठी, कारभार मराठी, पण नोंदणी कर्नाटकाच्या कायद्याखाली, म्हणून शेवटचा शब्द तिकडचा. ती पाटी लावणारी सोसायटी ही संघटना, म्हणजे ऑर्गनायझेशन, आणि तिला 'नि.' लिहायला लावणारी चौकट ही संस्था.

संघटना एकमेकींसारख्या का दिसू लागतात, याची तीन कारणं समाजशास्त्रज्ञ डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी १९८३ मध्ये दिली: सक्ती, अनुकरण आणि पेशाचे संकेत. आपलं 'नि.' पहिल्या कारणातलं. नवी सोसायटी काढताना शेजारच्या सोसायटीचे पोटनियम समोर ठेवून आपले लिहायचे, हे दुसऱ्यातलं.

'संघटना' म्हटलं की आपल्याकडे युनियन आणि मोर्चा डोळ्यांपुढे येतो, हे खरं. तरी ऑर्गनायझेशनला तोच शब्द वापरा, पहिल्याच पानावर अर्थ सांगून टाका. इन्स्टिट्यूशनलायझेशनला मात्र 'संस्थात्मकीकरण' असा जडशीळ शब्द लिहू नका. 'अंगवळणी पडणं' आहे की आपल्याकडे! 'मर्यादित'च्या जागी 'नियमित' वाचताना आपण अडखळत नाही, ते त्यामुळेच.