प्रार्थना सुचत नसेल तेव्हा

बाळा, बायबल पहिल्या पानापासून धरलंस तर लेवीय ह्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत दमशील, आम्ही सगळेच दमलो. त्यापेक्षा त्यातलंच स्तोत्रसंहिता हे पुस्तक घे. १५० स्तोत्रं आहेत, रोज एक, मोठ्यानं. तेराव्याच्या पहिल्या दोन वचनांत चारदा देवाला ‘किती वेळ?’ विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. तेव्हा तक्रार केली तर देव रागावेल, ही भीती सोड.

खानापूरकडं ऐन रोप लावणीत ह्यांना बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मला एक शब्द सुचेना. लोक यायचे, ‘देवाची इच्छा’ म्हणायचे. खरं सांगू? राग यायचा. चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी मात्र भाकरी नि आमटीचा डबा घेऊन आली, बाकावर टेकली, संध्याकाळपर्यंत अक्षर बोलली नाही. बायबलातल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री गप्पच बसले होते. तोंड उघडलं तिथं बिघडलं.

आणि चर्चमधली मराठी उपासना चुकली तर कन्नड उपासनेला जाऊन बस. कुठलं वचन चाललंय ते शेजारच्याला विचार, बोट ठेवून दाखवतात.